जुनी लेन्स, डिजिटल बॉडी: मीटर नेमका कुठे चुकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या निकॉन एफएम२ बरोबरची ५० एमएम एफ/१.८ मॅन्युअल निक्कॉर लेन्स तुम्ही निकॉनच्याच डी७२०० या डिजिटल बॉडीवर लावता. काही फोटो नेटके येतात, काही एक-दीड स्टॉप ओव्हर (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आणि काही नुसतेच पांढुरके. मित्राकडे कॅननचा डीएसएलआर आणि रशियन हेलिऑस ४४-२ आहे, त्याचीही रड तीच. जुन्या लेन्सवर डिजिटलचा मीटर चालतच नाही का, आणि हातात धरायचा वेगळा लाइट मीटर घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

मीटर चालतो, आणि तुमच्या बॉडीवर तर उत्तम चालतो. "जुनी लेन्स आहे, चालायचंच" असं म्हणून रोज अंदाजाने प्लस-मायनस करत बसू नका. तुम्ही सांगितलेल्या तक्रारीत मला तीन वेगवेगळे दोष एकत्र मिसळलेले दिसतात. कॅमेऱ्याला अॅपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश येण्याच्या भोकाची, चुकीची माहिती मिळणं हा पहिला, ते भोक लहान करणारी पाती वेळेवर न मिटणं हा दुसरा. तिसरा एक्स्पोजरचा दोषच नाही, तो काचेचा आहे. फोटो पाहून हे तिन्ही सारखेच वाटतात, पण उपाय तिघांचे वेगळे आहेत. त्यामुळे आधी निदान.

आधी लेन्स कोणती आहे ते पक्कं करू. एफएम२ १९८२ साली आली आणि तिच्यावर एआय (१९७७ पासूनच्या, रिंगच्या कडेने कॅमेऱ्याला अॅपर्चर कळवणाऱ्या) किंवा त्यानंतरच्याच लेन्स बसतात. म्हणजे लेन्स खरोखर त्याच कॅमेऱ्यावर वापरली गेली असेल तर ती एआय किंवा एआय-एस आहे, काळजी नाही. तरी डोळ्यांनी खात्री करा. अॅपर्चर रिंगवर आकड्यांच्या दोन ओळी असतात, मोठी ओळ पुढे आणि बारीक ओळ माउंटच्या बाजूला. सर्वांत लहान अॅपर्चरचा आकडा नारिंगी असेल तर एआय-एस. रिंगवर सशाच्या कानांसारखा धातूचा काटा असेल आणि त्याला भोकं असतील तर एआय. कान भरीव असतील आणि आकड्यांची एकच ओळ असेल तर ती १९७७ च्या आधीची, म्हणजे नॉन-एआय. नॉन-एआय लेन्स डी७२०० वर जोर लावून बसवली तर बॉडीच्या माउंटवरची खुंटी मोडू शकते. अशी लेन्स दुसऱ्या कुणाकडून आली असेल तर आधी रिंगच्या मागची कड कापून घ्यावी लागते. डीएफ या कॅमेऱ्यावर ही खुंटी दुमडून बाजूला करता येते, तिथे नॉन-एआय सुखाने बसते.

आता ही खुंटी करते काय? तुमच्या लेन्सच्या अॅपर्चर रिंगला मागच्या बाजूने उंचवट्याची एक कड आहे. ती कड बॉडीच्या माउंटभोवती स्प्रिंगवर सरकणाऱ्या खुंटीला ढकलते. रिंग फिरवली की खुंटी फिरते, आणि कॅमेऱ्याला कळतं की लेन्स पूर्ण उघड्यापासून किती स्टॉप बंद होणार आहे. तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून बघता तेव्हा लेन्स उघडीच असते. मीटर उघड्या लेन्समधून प्रकाश मोजतो, खुंटीने सांगितलेले स्टॉप त्यातून वजा करतो आणि शटर स्पीड ठरवतो. पाती प्रत्यक्षात मिटतात ती बटण दाबल्यावर, मिरर वर जातो त्या क्षणी. मोजणी एका वेळी आणि मिटणं दुसऱ्या वेळी, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं निदान यावर उभं आहे.

डी७२०० च्या सेटअप मेनूमध्ये नॉन-सीपीयू (म्हणजे चिप नसलेल्या) लेन्स डेटा नावाची जागा आहे. तिथे नऊ लेन्सची नोंद ठेवता येते. एका क्रमांकावर ५० एमएम आणि एफ/१.८ भरा आणि तो क्रमांक निवडलेला आहे याची खात्री करा. भरलं नाही तरी कॅमेरा मोजतो, पण मग अॅपर्चरच्या जागी नुसते "उघड्यापासून इतके स्टॉप" दाखवतो आणि मॅट्रिक्सऐवजी (सगळ्या चित्राचा हिशेब करणारी मोजणी) सेंटर-वेटेड (मधल्या भागाला जास्त वजन देणारी) वापरतो. नोंद असेल तर खरा एफ-आकडा दिसतो आणि मॅट्रिक्सही चालतं. गडबड होते ती दोन-तीन जुन्या लेन्स असलेल्यांची. काल १३५ एमएम एफ/२.८ लावली होती, आज ५० लावली, क्रमांक बदलायचा राहिला. मग दिसणारा आकडा चुकतो आणि मॅट्रिक्सचा हिशेबही बिघडतो. फंक्शन बटणावर लेन्स क्रमांक निवडण्याचं काम नेमून द्या, म्हणजे लेन्स बदलताना बोट आपोआप तिकडे जाईल.

आणखी एक सल्ला बरेच जण देतात: "निकॉनची जुनी लेन्स लावली की रिंग २२ वर लॉक करायची." तो सल्ला एएफ आणि एएफ-डी लेन्ससाठी आहे. त्यांच्यात चिप असते आणि अॅपर्चर बॉडीवरच्या चाकाने बदलतं. तुमच्या लेन्समध्ये चिप नाही. तुमचं अॅपर्चर म्हणजे रिंग, दुसरं काही नाही. बॉडीवरचं चाक फिरवून काहीही होत नाही. मोड फक्त ए (अॅपर्चर तुम्ही, शटर कॅमेरा ठरवतो) किंवा एम (दोन्ही तुम्ही). पी आणि एस मध्ये डी७२०० अशा लेन्सवर शटरच सोडत नाही.

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. लेन्स लावा, डोळा व्ह्यूफाइंडरला, आणि रिंग एकेका टिचकीने १.८ पासून २२ पर्यंत फिरवा. प्रत्येक टिचकीला आत दिसणारा आकडा रिंगवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. १.८ नंतरची टिचकी थेट २.८ ची आहे, म्हणजे तिथे सव्वा स्टॉपच्या आसपास उडी पडते. पुढे प्रत्येक टिचकी एक स्टॉपची. मध्ये कुठे आकडा अडकला, मागे राहिला किंवा उलटा उडाला, तर दोष खुंटीत किंवा रिंगच्या कडेत आहे. लेन्स काढून खुंटी बोटाने हलकी सरकवून बघा, ती गुळगुळीत जाऊन स्वतःहून परत आली पाहिजे. वर्षानुवर्षांची धूळ आणि घाम बसून ती जड होते. मऊ ब्रशने पुसायची, तेल अजिबात सोडायचं नाही.

आकडे जुळले तर पुढची तपासणी भिंतीची. हिला अर्धा तास द्या, तो वाया जाणार नाही.

एकसारख्या रंगाची, फारशी नक्षी नसलेली, सावलीतली भिंत शोधा. प्रकाश दिवसाचा हवा आणि स्थिर. ढग ये-जा करत असतील तर दुसऱ्या दिवशी करा. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली करू नका. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, वेगवान शटरला त्यातला कुठला क्षण सापडेल ते सांगता येत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. ऑटो आयएसओ बंद करा, कारण ते चालू असेल तर सगळी तपासणी व्यर्थ आहे. अॅक्टिव्ह डी-लायटिंगही (सावल्या आपोआप उजळवणारी सोय) बंद. व्हाइट बॅलन्स एका जागी ठरवा, मीटरिंग सेंटर-वेटेडवर ठेवा आणि फोकस मुद्दाम थोडा हलवा, म्हणजे भिंतीचा खरखरीतपणा मध्ये येणार नाही.

आता ए मोडमध्ये, प्रत्येक अॅपर्चरला एक, असे १.८ पासून १६ पर्यंत फोटो काढा. मग एम मोडमध्ये मीटरकडे बघायचंच नाही. आयएसओ २०० वर मोकळ्या सावलीत साधारण एफ/२.८ ला १/१००० पासून सुरुवात करा आणि खाली उतरत जा: एफ/४ ला १/५००, एफ/५.६ ला १/२५०, एफ/८ ला १/१२५, एफ/११ ला १/६०, एफ/१६ ला १/३०. तुमच्या भिंतीला प्रकाश कमी-जास्त असेल तर सगळा जिना एक-दोन पायऱ्या खाली-वर सरकवा. या सहाही फोटोंत सेन्सरवर पोचणारा प्रकाश एकसारखाच असायला हवा.

दोन्ही मालिका कॅमेऱ्यावर हिस्टोग्रामसह (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) ओळीने बघा. भिंत एकरंगी असल्याने हिस्टोग्रामवर एकच टेकडी दिसेल. ती टेकडी जागच्या जागी राहते की सरकते, एवढंच बघायचं. उघड्या अॅपर्चरला कोपरे काळवंडतात म्हणून टेकडी जरा पसरट होईल, ते धरू नका.

एमची मालिका सरकली, म्हणजे एफ/२.८ ला ठीक आणि एफ/११, एफ/१६ कडे जाताना फोटो उजळत गेले, तर मीटर निर्दोष आहे. कारण त्या मालिकेत मीटरचा हातच नव्हता. पाती मिटायला उशीर होतोय. रिंगवर १६ आहे, कॅमेऱ्याने १६ चा हिशेब केला, पण शटर उघडलं तेव्हा पाती अजून ८ च्या आसपास होती. प्रकाश जास्त आला, फोटो ओव्हर. माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या लेन्समध्ये "एक-दीड स्टॉप ओव्हर, पण कधी कधीच" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघालं आहे. दोष असा अधूनमधून दिसण्यालाही कारण आहे. तेल गारठ्यात घट्ट होतं, म्हणून सकाळी जास्त चुकतं आणि दुपारी कमी. लेन्स खूप दिवस पडून असेल तर पहिले काही फोटो बिघडतात, मग पाती मोकळी होऊन सुधारतात.

डोळ्यांनी बघायचं असेल तर लेन्स कॅमेऱ्यावरून काढा आणि रिंग १६ वर ठेवा. मागच्या बाजूला बाहेर आलेली एक पट्टी दिसेल. ती बोटाने पूर्ण सरकवली की पाती उघडतात. आता बोट झटकन सोडा. पाती तत्क्षणी मिटली पाहिजेत, डोळ्याला मिटताना दिसताच कामा नयेत. मिटण्याची हालचाल दिसली तरी ती संथ आहेत असं समजा. मग उजेडाकडे धरून पात्यांवर तिरकं बघा. ओलसर, इंद्रधनुषी चकाकी असेल तर तेल आहे. निक्कॉरमध्ये ५५ एमएम एफ/२.८ मायक्रो या बाबतीत बदनाम आहे, पण कुठलीही लेन्स सुटलेली नाही. फोकसच्या आट्यांमधल्या ग्रीसमधलं तेल उष्णतेने सुटतं आणि पात्यांवर उतरतं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत कॅमेऱ्याची बॅग राहिली की हे झपाट्याने होतं.

यावर घरगुती इलाज करू नका, हे मी कळकळीने सांगतो. लायटरचं पेट्रोल पात्यांवर सोडण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्याने तेल पातळ होऊन आतल्या काचांवर पसरतं, पाती दोन दिवस छान चालतात आणि मग पुन्हा चिकटतात. अॅपर्चरची पाती कोरडीच चालायची असतात. लेन्स उघडून पाती पुसणं आणि आट्यांना नवं ग्रीस भरणं हे जाणत्या कारागिराचं काम आहे. मुंबईत फोर्टकडे आणि पुण्यातही जुन्या मॅन्युअल लेन्स उघडणारे हात अजून आहेत. देताना "फक्त पाती साफ करा" न म्हणता ग्रीसही बदलायला सांगा, नाहीतर उगम तसाच राहतो. तोवर लेन्स १.८ ला वापरा, तिथे पात्यांना हलायचंच नसतं, एक्स्पोजर अचूक येईल.

एमची मालिका स्थिर, पण एची सरकली, तर पाती बरी आहेत आणि माहिती चुकते आहे. खुंटी, रिंगची कड किंवा लेन्स डेटा यांत शोधा. आणि दोन्ही मालिका स्थिर असून एची सगळी मालिका सारख्याच अंतराने एका बाजूला असेल, तर तो बॉडीचा आणि लेन्सचा स्वभाव. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने, म्हणजे प्लस-मायनसने, भरून काढा. डी७२०० मध्ये मीटरचा मूळ बिंदू १/६ स्टॉपच्या पायऱ्यांनी सरकवण्याची सोय आहे, पण ती सगळ्याच लेन्सना लागू होते, म्हणून एका लेन्ससाठी तिला हात लावू नये. आणि १/३ स्टॉपच्या आतल्या फरकामागे लागू नका. चाळीस वर्षं जुन्या यांत्रिक रिंगकडून याहून जास्त मागणं अन्याय आहे.

आता तुमच्या "नुसत्याच पांढुरक्या" फोटोंकडे. असा एक फोटो घ्या आणि हिस्टोग्रामचं उजवं टोक न बघता डावं टोक बघा. उजवीकडे काही कापलं गेलेलं नाही, पण डावीकडे काळ्याच्या जागी रिकामी पट्टी आहे, म्हणजे चित्रात गडद काही उरलेलंच नाही, असं दिसलं तर ते ओव्हरएक्स्पोजर नाही. लेन्सच्या आत प्रकाश विखुरतोय आणि सावल्यांवर पांढरी साय धरतेय. मायनस कॉम्पेन्सेशन दिलं की असा फोटो काळपट-पांढुरका होतो, सुधारत नाही. कारणं तीन: जुनं साधं कोटिंग, आतल्या काचेवरचा धूसर थर आणि बुरशी. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावून पुढून बघा. धुकट पडदा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर उत्तर मिळालं. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवणं म्हणजे बुरशीची शेती. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि साधं आर्द्रतामापक, एवढं पुरतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. काच स्वच्छ असेल तर ५२ एमएमचं स्क्रूचं हूड लावा आणि तोच फोटो पुन्हा काढा. फरक बघून चकित व्हाल.

चौथी एक गोष्ट आहे, ती जुन्या-नव्या दोन्ही लेन्सना लागू होते, पण जुन्या लेन्सवर दोष तिच्या माथी मारला जातो. मीटरला सगळं जग मध्यम करडं करायचं असतं. वेरूळच्या काळ्या बेसाल्टवर तो उजळ देणार, तिथे २/३ ते एक स्टॉप मायनस. पावसाळी धुक्याने भरलेल्या दरीवर किंवा पांढऱ्या धोतर-सदऱ्यांच्या दिंडीवर तो काळवंडणार, तिथे एक ते दीड प्लस. तुमचे "काही नेटके, काही बिघडलेले" फोटो विषयाप्रमाणे वेगळे काढून बघा. सेंटर-वेटेडची सवय लावा असं मी म्हणेन, कारण ते कसं चुकेल हे आधी सांगता येतं. मॅट्रिक्स हुशार आहे, पण त्याने या वेळी काय ठरवलं ते आपल्याला कळत नाही. स्पॉट (एका लहान ठिपक्यापुरती मोजणी) वापरत असाल तर ध्यानात ठेवा: चिप नसलेल्या लेन्सवर डी७२०० स्पॉट नेहमी मधोमधच मोजतो, तुम्ही निवडलेल्या फोकस पॉइंटवर नाही. चेहरा कडेला ठेवून स्पॉट लावणारे इथे हमखास फसतात.

ज्यांच्याकडे डी३४००, डी५६०० यांसारख्या बॉडी आहेत किंवा डी७५०० आहे, त्यांच्यासाठी: या कॅमेऱ्यांवर ती खुंटीच नाही. एआय लेन्स बसते, एम मोडमध्ये फोटो निघतो, मीटर बंद. घाबरण्यासारखं काही नाही. त्याच प्रकाशात किट लेन्सने ५० एमएमच्या आसपास, एफ/५.६ ला मोजून घ्या, लेन्स बदला, तेच आकडे एममध्ये लावा. प्रकाश बदलत नाही तोवर ते आकडे चालतात. निरभ्र आकाश आणि भर उन्हाचा जुना नियमही तितकाच खरा आहे: एफ/१६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ २०० ला एफ/१६, १/२००. किंवा एफ/८, १/८००. मीटर याहून दोन स्टॉप वेगळं सांगत असेल तर मीटरवर नाही, नियमावर विश्वास ठेवा आणि सेटिंग तपासा.

मित्राचा कॅनन हा निराळा प्रकार आहे. हेलिऑस ४४-२ ही एम४२ आट्यांची, ५८ एमएम एफ/२, प्रीसेट अॅपर्चरची लेन्स. कॅमेरा आणि तिच्यात कसलंही बोलणं होत नाही. एक रिंग कुठपर्यंत मिटायचं ते ठरवते, दुसरी हाताने मिटवते. म्हणजे मीटर मिटलेल्या लेन्समधूनच मोजतो, वजाबाकी नाही. ऐकायला हे जास्त सोपं वाटतं, पण डीएसएलआरमध्ये मीटरचा डोळा वरती, फोकसिंग स्क्रीनच्या पलीकडे असतो. हल्लीच्या स्क्रीन झूम लेन्ससाठी, एफ/२.८ ते एफ/५.६ च्या उजेडाला अनुसरून बनवलेल्या असतात. एफ/२ च्या कडेचे तिरपे किरण त्या नीट पोचवत नाहीत आणि एफ/११ ला प्रकाश वेगळ्या तऱ्हेने विखुरतात. कॅननच्या स्वतःच्या लेन्सवर हे कधी उघड होत नाही, कारण तिथे मोजणी नेहमी उघड्या लेन्सवर होते आणि लेन्स कोणती ते कॅमेऱ्याला माहीत असतं. हेलिऑसवर मात्र अॅपर्चर बदललं की मीटरची चूकही बदलते. कुठल्या बाजूला आणि किती, हे बॉडीगणिक वेगळं. वरची भिंतीची ए मालिका त्याने एव्ही मोडमध्ये (कॅननचा ए मोड) करावी, प्रत्येक अॅपर्चरला किती कॉम्पेन्सेशन लागतं ते कागदावर लिहून लेन्सच्या झाकणात चिकटवावं. किंवा सरळ लाइव्ह व्ह्यू लावावा. तिथे मोजणी सेन्सरवरच होते, स्क्रीनचा प्रश्नच मिटतो.

मिटलेल्या लेन्सवर आणखी एक चोरवाट उघडते. एफ/११ ला व्ह्यूफाइंडर अंधारलेला असतो आणि पाठीमागे ऊन असेल तर ते डोळ्याच्या काचेतून आत शिरून मीटरवर पडतं. मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, फोटो काळा. चष्मा लावणाऱ्यांना आणि ट्रायपॉडवरून रिमोटने काढणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. कॅननच्या पट्ट्यावर जे रबरी झाकण असतं ते यासाठीच, निकॉनचं डीके-५.

त्याच्या अॅडाप्टरवर चिप आहे का, हेही विचारा. स्वस्त अॅडाप्टरवर फोकसची टिक-टिक यावी म्हणून चिप बसवलेली असते आणि तिच्यात बऱ्याचदा ५० एमएम एफ/१.४ अशी ठोकळ माहिती भरलेली असते. कॅमेरा मग समजतो की ही खरीच ईएफ लेन्स आहे. मित्राने बॉडीवर एफ/५.६ लावलं की कॅमेरा म्हणतो, लेन्स आता चार स्टॉप मिटेल, आणि शटर चार स्टॉप संथ करतो. लेन्स तर आधीच मिटलेली आहे. फोटो चार स्टॉप ओव्हर, पांढराशुभ्र. उपाय एकच: चिप असेल तर बॉडीवरचं अॅपर्चर कायम तिच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे इथे १.४ वर ठेवायचं, आणि खरं अॅपर्चर फक्त लेन्सच्या रिंगवर बदलायचं. चिप नसेल तर कॅनन ०० दाखवतो आणि एव्हीत बिनतक्रार चालतो. मला विचाराल तर चिप नसलेला अॅडाप्टर बरा.

पेंटॅक्सवाल्यांनाही दोन ओळी. के आणि एम मालिकेच्या लेन्स डिजिटल पेंटॅक्सवर एव्ही मोडमध्ये लावल्या की रिंग कुठेही असो, फोटो पूर्ण उघड्या अॅपर्चरलाच निघतो. मेनूमध्ये अॅपर्चर रिंगच्या वापराला परवानगी द्या, एम मोड लावा आणि हिरवं बटण दाबा. कॅमेरा क्षणभर पाती मिटवून मोजतो आणि शटर स्पीड बसवतो. प्रकाश बदलला की पुन्हा हिरवं बटण. जुनी सुपर-टाकुमार ५० एमएम एफ/१.४ असेल आणि काच चहासारखी पिवळी दिसत असेल, तर तो थोरियमयुक्त काचेचा परिणाम आहे. ती प्रकाशही खाते, पण लेन्समधून मोजणारा मीटर ते आपसूक भरून काढतो. उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवल्यावर पिवळेपणा बराच उतरतो.

मिररलेसवर हा सगळा संसार हलका होतो. साधा अॅडाप्टर, लेन्स आधीच मिटलेली, मोजणी सेन्सरवर. सोनी आणि फुजीमध्ये लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी मेनूतून द्यावी लागते, नाहीतर कॅमेरा फोटोच काढत नाही. तुमच्या ५० एमएमच्या पात्यांवर तेल असेल तरी तिथे एक्स्पोजर बरोबर येईल, कारण पात्यांना ऐन वेळी पळायचं नसतं. म्हणून कुणाचा मिररलेस तासभर मिळाला तर तीच भिंत त्यावर काढून बघा. तिथे सगळं स्थिर आणि डी७२०० वर सरकतंय, म्हणजे पाती संथ आहेत किंवा खुंटी चुकतेय. दोन्हीतलं कोणतं, ते एमची मालिका आधीच सांगून गेलेली असेल.

वेगळा लाइट मीटर सध्या घेऊ नका. तो पडणारा प्रकाश मोजतो, लेन्सची संथ पाती त्याला दिसत नाहीत. तुमचा दोष पात्यांत असेल तर उत्तम मीटर घेऊनही फोटो तितकाच ओव्हर येईल. वडिलांची एफएम२ चालू स्थितीत असेल तर तिच्यात एलआर४४ चे दोन सेल टाका, तीच लेन्स लावा आणि आयएसओ २०० ठेवून त्याच भिंतीकडे बघा. तिचा मीटर सेंटर-वेटेड आहे. तिच्या आतल्या लाल प्लस, शून्य, मायनसने सांगितलेलं एक्स्पोजर आणि डी७२०० चं एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपच्या आत जुळलं, तर लाइट मीटर तुमच्या घरात आहेच. आणि भिंतीच्या दोन्ही मालिकांचे हिस्टोग्राम पाठवा. ते बघून लेन्स उघडायला द्यायची की नाही हे मला नक्की सांगता येईल.